होडीचा वाटा

आमच्या खाडीकाठची गरिबी हटली, याचा पुरावा म्हणून माझ्या बैठकीच्या खोलीचे दोन फोटो एका जाड, गुळगुळीत अहवालात छापलेले आहेत. डावीकडच्या फोटोत खोली रिकामी. भिंतीवर आमचा लहानसा अल्तार, त्यावरचा क्रूस, अर्धी जळलेली मेणबत्ती, आणि दाराच्या चौकटीला धरून उभी मी, जुन्या मॅक्सीत, हाताला वाटपाचा मसाला लागलेली. उजवीकडच्या फोटोत तीच भिंत, तोच क्रूस, पण आता सहा वेताच्या खुर्च्या, टीपॉय, त्यावर भरतकामाचा टेबलक्लॉथ, निळ्या फुलांचा चहाचा सेट, कोपऱ्यात गरगरणारा टेबलफॅन, आणि या सगळ्या ऐश्वर्याच्या मधोमध बसलेली मी. एका होडीने एका निराधार वृद्धेचं आयुष्य एका वर्षात कसं पालटलं, ते खाली चार ओळींत लिहिलं आहे.

ती निराधार वृद्धा मी. सगळी हयात मी कॉन्व्हेंट शाळेत मराठी शिकवलं, आणि दर महिन्याला माझं पेन्शन बिनबोभाट बँकेत जमा होतं. खुर्च्या माझ्या आईवडिलांच्या लग्नातल्या आहेत. चहाचा सेट म्हापशाच्या आत्याने दिलेला. या वस्तू आमच्या घरातून आजवर कुठे गेल्या नाहीत. फक्त एका दुपारी शेजारी गेल्या होत्या, आणि तेवढ्यात सरकारदरबारी मी गरीब झाले.

शेजारी म्हणजे वयनीकडे. नात्याने ती माझी कुणी नाही, सगळी वाडीच तिला वयनी म्हणते. आम्हा दोघींची घरं एका कुंपणाला लागून आहेत, दोन्ही चिऱ्याची, दोन्ही कौलारू. बाहेरून बघणाऱ्याला सख्ख्या बहिणींची वाटतील. आत मात्र फरक आहे. वयनीचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी इन्सुलीला दिलेली, आणि घरात वयनी, एक मांजर आणि एक पत्र्याची पेटी. ती खाडीतल्या तिसऱ्या काढते. पाणी ओसरलं, आमच्याकडे ज्याला सुकती म्हणतात ती लागली, की कमरेला टोपली बांधून उतरायचं, चिखलात हाताने चाचपडत शिंपल्या वेचायच्या, आणि दुसऱ्या दिवशी एसटीने कट्ट्याच्या बाजारात नेऊन वाटे लावून विकायच्या. यावर तिने मुलगी वाढवली, तिचं लग्न केलं. मला ती तीस वर्षं 'टीचर' म्हणते आणि 'गो' म्हणते, एका वाक्यात दोन्ही, आणि मला त्यात कधी काही खटकलं नाही.

पूर्वी तिसऱ्या घरामागेच मिळायच्या. मग रेतीवाले आले. त्यांनी पंप लावून आमच्या काठाचा तळ असा उपसला, की जिथे गुडघाभर पाणी असायचं तिथे आता बांबू बुडतो. तिसऱ्यांची जागा उरली ती खाडीच्या पलीकडे. तिथे जायचं तर कुणाची होडी जात असेल तर तिच्यात बसायचं, नाहीतर सुकती पूर्ण लागायची वाट बघून, उपसा न झालेल्या एका पट्ट्यावरून गळाभर पाण्यातून चालत जायचं आणि पाणी वळायच्या आत परत यायचं. दोन वर्षांपूर्वी वयनीला परतायला उशीर झाला. भरती लागली, आणि ती पलीकडच्या खारफुटीच्या मुळांवर टोपली डोक्यावर धरून उभी राहिली. दुपारभर. जाळं घेऊन चाललेल्या एकाने तिला पाहिलं म्हणून ती आज आहे. घरी आल्यावर तिने आधी तिसऱ्या मोजल्या, मग अंगात ताप भरला. त्या दिवसापासून तिला एकच गोष्ट हवी होती, स्वतःची लहानशी होडी. रात्री झोपेत पाय हलतात आणि तळ लागत नाही, असं ती मला सांगायची. वय वाढत होतं, पाणी काही कमी होत नव्हतं.

अशात तो प्रकल्प आला. शाश्वत उपजीविका, खाडीकाठच्या महिलांची. आधी गावातल्या सभामंडपात तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. पडद्यावर चित्रं, हातात फाइली, दुपारी पुलाव. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी आमच्या बायकांना शिकवलं, की लहान तिसऱ्या काढू नयेत, त्या परत पाण्यात सोडाव्यात, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा मिळतात. उंटावरचा शहाणा म्हणतात तो हा. वयनी जन्मभर नखाएवढी तिसरी दिसली की परत चिखलात दाबते, कारण तिच्या सासूने तिला पहिल्याच दिवशी त्याबद्दल चापट मारली होती. ती शेजारी बसून निमूट ऐकत होती. मग हळूच मला म्हणाली, "टीचर, शाश्वत म्हंजे काय गो?"

"कायम टिकता तां."

"मगे तिसरे टिकलेलेच होते मां? हेंनी रेतीवाल्यांका शिकवूक जाऊक होया."

मी तिला गप्प बस म्हटलं. पुढच्या रांगेत प्रकल्पाचे साहेब बसले होते. मी शिक्षिका असल्यामुळे मला साहेबांचं भाषण मालवणीत सांगायचं काम दिलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्या कामाचा मला थोडा माज आला होता. शेवटच्या दिवशी साहेबांनी जाहीर केलं, की सगळ्यात गरजू महिलांना फायबरच्या होड्या देणार, त्यासाठी घरोघरी पाहणी होईल. मी ते वाक्य सुद्धा नीट मालवणीत सांगितलं. गरजू हा शब्द मी उच्चारला, वयनीने ऐकला, आणि आम्ही दोघींनी त्याचा अर्थ आपापल्या परीने लावला.

पाहणीच्या दिवशी सकाळीच ती कुंपणापलीकडून हाका मारू लागली. अंगण शेणाने सारवलेलं, कडेला रांगोळी, अंगावर मुलीच्या लग्नातलं लुगडं.

"टीचर, पावणे येतले. तुझ्यो खुर्चयो दी गो."

मी म्हटलं, "अगो, ते गरिबी बघूक येतत."

त्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं, की इतकी शिकलेली बाई आणि एवढं कळू नये. "घरात बसूक खुर्ची नाय त्या बायलमाणसाक होडी कोण दितलो? उद्या इकून खायत म्हणतले."

यात तिचं काय चुकलं ते मला आजही सांगता येत नाही. आमच्याकडे काहीही मिळायचं ते असंच मिळत आलं आहे. माडाची बाग राखायला द्यायची तर ज्याचं अंगण झाडलेलं असतं त्याला देतात. मुलगी द्यायची तर घर बघून देतात, आणि बघायला माणसं येतात तेव्हा आख्ख्या वाडीतली भांडी त्या एका घरात जमतात. समोरच्यालाही ते माहीत असतं, त्याच्याही घरी तेच झालेलं असतं, तरी तो खुर्ची कुणाची म्हणून विचारत नाही. भांडी मागून का होईना, पण चार घरं त्याला भांडी देतात हे त्याला कळतं, आणि बघायचं असतं ते तेवढंच. वयनीने आयुष्यात पाहणी म्हणून जी पाहिली ती ही. मी तरी वेगळं काय पाहिलं होतं? मीही उत्साहात आले. खुर्च्या नेतेस तर टीपॉय ने, टीपॉय नेतेस तर त्यावर टेबलक्लॉथ नको का, आणि चहा स्टीलच्या पेल्यात देणार का, असं म्हणत मीच एकेक वस्तू कुंपणावरून दिली. पंखाही मीच उचलून नेला. शिवाय पाहुण्यांसाठी तिसऱ्यांचं सुकं करायला घेतलं, कारण तिच्या हाताला मसाल्याची कंजुषी आहे.

साहेब आले, त्यांच्याबरोबर टॅब घेतलेली एक मुलगी. वयनीने त्यांना खुर्च्यांत बसवलं, पंखा लावला, निळ्या फुलांच्या कपात चहा दिला. साहेबांनी घर नीटनेटकं ठेवल्याबद्दल तिचं कौतुक केलं. वयनीचा चेहरा फुलला. त्या वेळी मुलगी टॅबवर बोट दाबत होती. खुर्च्या, आहेत. टेबल, आहे. पंखा, आहे. ही नवी पद्धत होती. लोकांना उत्पन्न विचारलं तर लोक खोटं बोलतात, म्हणून आता काही विचारायचंच नाही, फक्त डोळ्यांना दिसतं ते नोंदवायचं. साहेबांनी हे मोठ्या अभिमानाने मला प्रशिक्षणात सांगितलं होतं, पण खुर्च्या उचलताना ते माझ्या डोक्यात आलं नाही.

चहा पिऊन ते कुंपणाच्या फटीतून माझ्याकडे आले. मी मसाला परतत होते, तशीच बाहेर आले. खोलीत बसायला काही नाही. टीव्ही दुरुस्तीला कट्ट्याला गेलेला. पाणी दिलं तेही स्टीलच्या तांब्यातून, ग्लास सगळे शेजारी. फ्रिज स्वयंपाकघरात होता, पण त्यांना जेवायची घाई होती, ते आत आले नाहीत. मुलीने माझ्या रिकाम्या खोलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि आवाज एकदम मऊ करून विचारलं, "काकी, एकट्याच राहता?"

मी तोंड उघडलं होतं. माझ्या खुर्च्यांवरून तुम्ही आत्ताच उठून आलात, हे वाक्य जिभेवर होतं. पण त्यांच्या मागे, फटीत, लग्नातलं लुगडं नेसून वयनी उभी होती. तिने खूण केली नाही, मान हलवली नाही. ती फक्त माझ्याकडे बघत होती. पाहुण्यांसमोर तिच्या घरातल्या खुर्च्या मागून आणलेल्या आहेत हे मी सांगितलं असतं, तर मी त्या घरात पुन्हा पाय ठेवू शकले नसते. मी म्हटलं, "हो, एकटीच." मुलीने फोटो काढला. तो डावीकडचा.

यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली तेव्हा वयनी आणि मी एकत्र गेलो. तिला वाचता येत नाही, मी वाचत होते. सातव्या, माझ्याच नावावर माझी जीभ अडखळली. "पुढे?" ती म्हणाली. पुढे काही नव्हतं. माझ्या वर एका बाईचं नाव होतं, जिच्या नवऱ्याचा हमरस्त्यावर ढाबा आहे. त्याला पाहणी कशी असते ते बरोबर कळलं होतं. तो म्हणे फाटकी बनियन घालून बायकोच्या शेजारी जमिनीवर बसला होता. त्याची होडी आज ढाब्यापुढे ठेवलेली आहे, तिच्यात माती भरून गोंड्याची झाडं लावली आहेत, आणि पर्यटक तिच्यासमोर फोटो काढतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी साहेबांच्या कार्यालयात गेलो. मी सगळं सांगितलं. खुर्च्या माझ्या, पंखा माझा, पेन्शनही माझं.

"तुम्हाला पेन्शन आहे?" साहेब चकित झाले.

"आहे."

"तो रकाना फॉर्ममध्ये नव्हता." त्यांच्या आवाजात किंचित तक्रार होती, जणू मी पेन्शन मुद्दाम लपवून बसले होते. मग त्यांनी समजावलं, की निवड सिस्टीमने केली आहे, माणसाने नाही, त्यामुळे माणसाला ती बदलता येत नाही. हरकतींची मुदत यादी लागायच्या आधीच संपली होती. यादी लागायच्या आधी हरकत कशावर घ्यायची, हे मी विचारलं, त्यावर साहेब हसले. मी होडी नाकारू शकत होते. नाकारली तर ती होडी वयनीला मिळणार नव्हती, दुसऱ्या तालुक्यात जाणार होती. वयनी बाकाच्या टोकावर पदर सावरून बसली होती. ती शुद्ध मराठीत म्हणाली, "साहेब, त्यांना देऊन टाका. आमचं घर एकच आहे." साहेबांनी हे फार छान आहे म्हणून सांगितलं. उत्साहाने त्यांनी ते वाक्य लिहूनही घेतलं.

मी होडी घेतली. मांडव, बॅनर, पुष्पगुच्छ, तीन भाषणं. मला वल्हं धरता येत नाही, तरी वल्हं धरून माझा फोटो काढला. घरी येऊन मी दोर वयनीच्या हातात दिला आणि म्हटलं, "घे, तुझी होडी." तिने होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि मला प्रसाद दिला. मला वाटलं, संपलं. सरकारचा गाढवपणा आम्ही दोघींनी परस्पर निस्तरला, असं मी आमच्या फादरनाही चर्चमध्ये रविवारच्या मिस्सानंतर मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पायरीवर तिसऱ्यांचा एक वाटा ठेवलेला होता. मी समजले, आनंदाने दिला असेल. तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी पुन्हा. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या किनाऱ्यावर जुना रिवाज आहे, मासळी आली की पहिला वाटा होडीचा. माणसं मग आपापसात वाटून घेतात. होडीवाला घरात झोपलेला असेना, त्याचा वाटा त्याच्या दारात पोचतो. मी टोपली उचलून तिच्याकडे गेले.

"ह्यां काय गो?"

"होडयेचो वाटो."

"होडी तुझी आसा म्हणान सांगलंय मां?"

"कागद तुझ्या नावाचो." ती तिसऱ्या धूत होती, वर बघितलं नाही. "फुकटच्या होडयेर मी कशी जाव? लोक काय म्हणतले?"

मी रागावले, ओरडले, टोपली तिच्या ओटीवर ठेवून परत आले. दुसऱ्या दिवशी होडी काठाला तशीच बांधलेली दिसली. वयनी गळाभर पाण्यातून पलीकडे चालत जात होती, डोक्यावर टोपली. मी काठावर उभी राहून बघत राहिले. त्या दिवसाएवढी भीती मला आयुष्यात कधी वाटली नाही. ती परत आली तेव्हा ओठ निळे पडले होते, आणि ती एवढंच म्हणाली, "वाटो घेतलंस नाय तर मी होडी सोडूचंय नाय." मग मी वाटा घेऊ लागले. साधारण त्याच सुमाराला माझ्या लक्षात आलं, की तिच्या बोलण्यातून 'गो' गेलेलं आहे. आता ती मला 'तुमी' म्हणते. मी हटकलं, तर म्हणाली, चुकून येतं.

आणि हे मी कुणाकडे बोलायचं? पेन्शन खाणारी बाई गरीब शेजारणीकडून रोज वाटा घेते, ही गोष्ट ऐकणारा माझ्याच तोंडात शेण घालील, आणि बरोबरच घालील. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना, तो नागोबा निदान स्वतःहून शिरतो. मला धरून आत बसवलं आणि वर फुलांचा गुच्छ दिला.

वर्षाने साहेब परत आले, प्रगती बघायला. तीच मुलगी, नवीन टॅब. माझ्या खोलीत पाय ठेवताच तिने तोंडावर हात ठेवला. खुर्च्या, टीपॉय, पंखा. साहेबांनी कपाटातला चहाचा सेट मुद्दाम टीपॉयवर मांडायला लावला. गेल्या वर्षी याच कपातून ते चहा प्यायले होते. बशीच्या काठाला टवका गेलेला आहे, तो त्यांच्याच हातून गेला. त्यांना काहीही आठवलं नाही, मी कार्यालयात जाऊन सांगितलेलंसुद्धा नाही. या खुर्च्या जुन्या आहेत, माझ्या आईच्या आहेत, मी म्हटलं. साहेब म्हणाले, काकी, इतका विनय नको, तुमच्यासारख्यांमुळेच बाकीच्या बायकांना उमेद मिळते.

फोटो काढत होते तेवढ्यात वयनी आली. सुकती संपवून सरळ खाडीतून, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात माझा वाटा. पाहुणे बघून ती पायरीवरच थबकली. मुलीने तिला ओळखलं नाही, साहेबांनीही नाही. गेल्या वर्षी ती लग्नातल्या लुगड्यात होती आणि खुर्च्यांची मालकीण होती.

"तुम्ही कोण?" मुलीने विचारलं.

मी सांगणार होते. शेजारीण, मैत्रीण, ही होडी जिची आहे ती. वयनीने टोपली खाली ठेवली, ओला हात लुगड्याला पुसला, आणि साहेबांशी बोलायच्या शुद्ध मराठीत म्हणाली, "मी यांच्या होडीवर कामाला आहे."

साहेबांनी मुलीकडे वळून मान डोलावली. मुलीने बोट टेकवलं. फोटोखालच्या चार ओळींतली शेवटची ओळ तिथूनच आलेली आहे: लाभार्थी महिलेने आता स्वतः एका गरजू महिलेला रोजगार दिला आहे.

ते गेल्यावर मी वयनीला आत ये म्हटलं, खुर्चीवर बस म्हटलं. ती म्हणाली, पाय चिखलाचे आहेत, आणि पायरीवरच उभ्याने तिने चहा घेतला. तिसऱ्या मी त्या दुपारी निवडल्या, धुतल्या आणि खोबऱ्याचं वाटप लावून त्यांचं सुकं केलं. उद्या सकाळी पुन्हा येतील.